टीव्हीला चार स्टार, कंपनीच्या फिटिंगला एक, आणि पेठेतल्या डिशवाल्या मामांना पैकीच्या पैकी

२०२५ च्या सप्टेंबरात ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आला, म्हणून एकदाचा ४३ इंची ४के टीव्ही आणि साउंडबार ऑनलाइन मागवला. ब्रँडचं नाव घेत नाय कारण टीव्हीबद्दल तशी मोठी तक्रार नाय, पिक्चर एक नंबर. तक्रार आहे ती 'फ्री इन्स्टॉलेशन'ची. कंपनीचा पोरगा आला, पायाचे स्क्रू आवळले, वायफायचा पासवर्ड टाकला, ओटीपी घेतला, चालला. भिंतीवर लाव म्हणलं तर ब्रॅकेटचे वेगळे पैसे, आणि आमची साताऱ्यातल्या मंगळवार पेठेतली जुनी दगडमातीची भिंत बघून म्हणतो ह्यात स्क्रू धरायचा नाय. साउंडबार त्याच्या कामातच बसत नव्हता म्हणे. वर टीव्ही शोरूम मोडवर (दुकानात उठून दिसावं म्हणून रंग भडक करणारी सेटिंग) ठेवून गेला, बातम्या देणारी बाई शेंदूर फासल्यासारखी दिसायला लागली.

आज्जीला सह्याद्री पायजे आणि पप्पांना महिन्याचा रिचार्ज नको, म्हणून डीडी फ्री डिशची छत्री बसवायला गल्लीतल्या मामांना बोलावलेलं. ते आले छत्रीसाठी पण आधी भिंतीपाशीच थांबले, बोटानं ठोकून ठोकून आतले लाकडी खांब कुठं आहेत ते शोधलं, दोन खांबांवर सागाची फळी आडवी मारली आणि ब्रॅकेट त्या फळीवर. मातीला हात पण लावला नाय. मी लटकून बघितलं नाय एवढंच, पण हलत नाय!

साउंडबारची एचडीएमआय वायर टीव्हीला कुठंपण लावून चालत नाय बरं का, ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय (त्यातनं टीव्हीचा आवाज साउंडबारकडं जातो) त्यातच घालायची आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं, मग टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त होतो. मामांना हे तोंडपाठ. शोरूम मोड पण त्यांनीच काढला.

छत्रीचं मजेशीर झालं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडनं आग्नेयेला, आणि आमच्या गच्चीवरनं त्याच अंगाला अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर. आई म्हणाली डोंगर आडवा येणार. मामा म्हणाले, "वैनी, छत्री किल्ल्याकडं न्हाय बघत, किल्ल्याच्या लय वरनं बघतीय." खरंच आहे, साताऱ्यातनं तो उपग्रह जवळपास ६० अंश वर येतो. एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) जरा जरा फिरवत मीटरवर क्वालिटी चढेपर्यंत मामा उन्हात उभे, नट आवळल्यावर परत एकदा चेक.

सेट-टॉप बॉक्स मात्र एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वालाच घ्या, जुन्या एमपेग-२ च्या डब्यावर काही चॅनल दिसत नायत. पे चॅनल इथं मिळणार नायत, आणि खाजगी चॅनलच्या जागा लिलावानं जातात त्यामुळं आज आहे तो चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाय. जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, ते सगळ्याच डिशचं आहे.

वायफायचं एक सांगतो, जाड भिंतीतनं ५ गिगाहर्ट्झवाला सिग्नल धड येत नाय, आम्ही सरळ राउटरपासनं टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढली. टीव्हीला एक स्टार कमी दिला तो त्याच्या स्वतःच्या स्पीकरसाठी, डबा वाजवल्यासारखा आवाज. पण पेठेत राहत असाल तर साउंडबार वूफरशिवायचा (धमधम वाजणारा डबा नसलेला) घ्या, भिंतीला भिंत लागून असती, शेजारच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी हटकलंय.