परड्यातली बिनबर्फाची रिंक : आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, रिंक म्हणजे स्केटिंगचं मैदान म्हटलं तरी आमच्या परड्यात बर्फाचा खडासुद्धा नाही. आहे ते पांढरं प्लास्टिक. यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीन म्हणतात त्याला, म्हणजे हॉटेलच्या किचनमधल्या चॉपिंग बोर्डाचा थोरला भाऊ. 12 बाय 20 फुटांत 4 बाय 4 चे 15 तक्ते, जाडी 12 मिलिमीटर, आणि त्यावर खऱ्या आइस स्केटनं घसरायचं. डिसेंबरात घातली, आता ऑगस्ट चालू आहे.

हे खूळ शिमल्याचं. तिथली रिंक 1920 पासूनची, नैसर्गिक बर्फाची. रात्री पाणी पसरायचं, गोठलं की सकाळी पोरं हजर. आभाळ आलं की खेळ बंद. आमची लेक रोलर स्केटिंगवाली. तिथं तासभर पडली, उठली, आणि परतीच्या गाडीत तिचं सुरू झालं, ‘पप्पा, आपल्या परड्यात करूया की!’

खऱ्या बर्फाचा हिशेब मी वहीत मांडून बघितला. एवढ्या जागेवर इंचभर बर्फ म्हणजे साडेपाचशे लिटर पाणी, ते एक वेळ गोठवता येईल. पण भर दुपारी चौरस मीटरला साधारण 1 किलोवॅट ऊन पडतं आणि आमची जागा 22 चौरस मीटर. वर 22 किलोवॅटची शेगडी पेटलेली आणि खाली बर्फ राखायचा. एसीचा ‘टन’ म्हणतात तो मुळात 24 तासांत एक टन बर्फ करायच्या ताकदीवरून आलेला, म्हणजे साडेतीन किलोवॅट. हिशेब सहा टनांच्या वर गेला तेव्हा बायकोनं वही मिटली.

मग प्लास्टिक. तक्ते एका व्यापाऱ्याकडून आणले आणि कडांना एकमेकांत अडकणारे डव्हटेल सांधे एका वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, कापून घेतले. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा, असलं काम सांगितलं तरी कुणी हसत नाही, फक्त ‘ड्रॉइंग आणा’ म्हणतात. खाली कोबा, तक्ते, कापणावळ, तीन जोड स्केट, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड धरून सव्वा लाखाच्या आसपास गेले. कोब्याबद्दल गवंड्याशी दोन दिवस वाद. त्याला पाण्यासाठी ढाळ पाहिजे, मला सपाट पाहिजे. शेवटी अगदी नावाला ढाळ ठेवला आणि कोपऱ्यात एक भोक. त्या भोकाची गोष्ट पुढं येते.

पहिली चूक माझीच. डिसेंबरातल्या थंड सकाळी तक्ते कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटवून बसवले, फट राहिली नाही म्हणून खूशही झालो. मार्चमध्ये दुपारी बघतो तर मधली रांग पुरीसारखी टम्म फुगलेली. हे प्लास्टिक उन्हानं भलतंच वाढतं. 20 फुटांत 30 अंशांचा फरक पडला तर इंचभर, कधी जास्तच. भिंत सरकेना म्हणून ते वर उठलं. एक रांग काढून कडेनं कापून आणली, आता चारही बाजूंनी दीड इंच जागा सोडली आहे. कुणी करणार असाल तर हे आधी वाचा, मग गवंड्याला बोलवा.

दुसरं दुखणं धारेचं. प्लास्टिकवर ब्लेड बर्फापेक्षा फार लवकर बोथट होतं. आमच्या वापरात पाच-सहा तासांत धार गेलेली असते. उद्यमनगरातल्या एका ग्राइंडरवाल्याकडं दिली. त्यानं मन लावून, आरशासारखी चकचकीत, सपाट करून दिली. लेकीनं पाय टाकला आणि आडवी झाली. आइस स्केटच्या पात्याला खालून लांबीभर नाली असते, त्यामुळं दोन्ही बाजूंना दोन धारा तयार होतात आणि त्या धारेवरच वळायचं, ढकलायचं असतं. नालीच गेली तर उरते नुसती पट्टी. दुसऱ्यांदा जाऊन खडूनं फरशीवर आकृती काढून दाखवली. तो म्हणाला, ‘मग असं सांगा की, सुरी न्हवं, नाली पायजे.’ डायमंड ड्रेसरनं, म्हणजे हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं, ग्राइंडरच्या चाकाला गोलाई दिली आणि तेव्हापासून काम एक नंबर.

आता घसरण्याबद्दल. बर्फावर एक ढकल दिली की माणूस जातच राहतो. इथं ढकल थांबली की दोन-चार हातांत आपणही थांबतो. पाय भरून येतात, घाम निघतो. आडवं पातं लावून झटक्यात थांबायची जी रीत आहे ती इथं अवघड जाते, पातं थडथडत उड्या मारतं. शिवाय 20 फूट म्हणजे तीन ढकल की भिंत, वेगाचं नावच नको. पण एका पायावर तोल, उलटं जाणं, धारेवर वळणं, जागच्या जागी गिरक्या हे मात्र लेक इथंच शिकली. धाकटा अजून खुर्ची ढकलत फिरतो. पडल्यावर कपडे भिजत नाहीत, पण कोपर खरचटतं.

सिलिकॉन स्प्रे मारला की पहिला दिवस झकास. मग आसपासच्या गुऱ्हाळांची काजळी त्यावर बसते आणि पांढऱ्या रिंकवर तीळ पेरल्यासारखं दिसतं. तो नाद सोडला. साबणाचं पाणी, पोछा, बास. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाच्या आत कुणी तिकडं फिरकत नाही, तक्ते तव्यासारखे तापतात.

आणि कीस. पात्यानं प्लास्टिकचे बारीक पांढरे कुरळे तुकडे निघतात. आईनं पहिल्यांदा बघून विचारलं, ‘खोबरं कुणी सांडलं रे?’ ते गटारात जाऊ नयेत म्हणून रोज झाडून डब्यात भरतो. रोज म्हणजे, भरायचो. जूनमध्ये आळस केला आणि जुलैत एका संध्याकाळी धो-धो पाऊस आला. 2019 च्या पुरातही आमचं परडं कोरडं होतं, म्हणून मी निवांत चहा पीत बसलेलो. कीस आणि पेरूची पानं मिळून कोपऱ्यातलं भोक बंद. बघता बघता वीतभर पाणी साठलं आणि अख्खी रिंक, जवळजवळ अडीचशे किलो, सांध्यासकट उचलली जाऊन तरंगायला लागली. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, ते त्या दिवशी पटलं. मधोमध धाकट्याची एक चप्पल, होडीत बसल्यासारखी. मी तराफा समजून पाय ठेवला तर तो कोपरा सरळ खाली गेला आणि चहा पाण्यात.

घ्यावं का, असं गल्लीत तिघांनी विचारलं. पोर आधीपासून स्केटिंग करत असेल आणि रोज अर्धा तास उतरणार असेल तर घ्या. शिमल्याची मजा घरी आणायची असेल तर त्या पैशात दोनदा शिमला होतं.

सध्या तक्ते माळ्याखालच्या खोलीत आडवे रचलेत. उभे टेकवले तर वाकतील या भीतीनं. एकेक 17 किलोचा, दोघांशिवाय हलत नाही. तरंगताना आठव्या तक्त्याच्या सांध्याचा एक कान मोडला. राउटरवाला म्हणतो, गणपती झाल्यावर आणा. भोकावर जाळी बसवून झाली आहे.