तारा आपोआप वळवायच्या, पण डबे कोण मांडणार?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या पंपांचं वायरिंग मी कॉम्प्युटरवर काढलं, ए४वर छापलं आणि मीटररूममध्ये चिकटवलं. इलेक्ट्रिशियन आला, कागदावर बोट टेकवून म्हणाला, "साहेब, यातली फ्लोटची (टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचची) कुठली?" पॅनेलच्या डाव्या अंगाला चार तारा एकमेकींवर बसून एकच जाड रेघ झाली होती. स्क्रीनवर मला त्या ओळखू येत होत्या, कारण हाताने ओढल्या मीच होत्या.

तेव्हापासून रेषा आपोआप वळवणारी सॉफ्टवेअर्स जवळून पाहिली. लोक आधी किंमत विचारतात. मी आधी विचारतो, डबे, म्हणजे तारांनी जोडायचे चित्रातले चौकोन, कोण मांडणार, तुम्ही की सॉफ्टवेअर?

डबे तुम्हीच मांडणार असाल आणि मशीन विंडोजचं असेल, तर मायक्रोसॉफ्टचं आकृत्या काढायचं व्हिजिओ. डिझाइन टॅबवरून पेज सेटअप उघडा, लेआउट अँड राउटिंगमध्ये स्पेसिंगचं बटण आहे. कामाचे आकडे दोनच, कनेक्टर (जोडणारी रेषा) ते कनेक्टर आणि कनेक्टर ते शेप (डबा). इंचातल्या पानावर दोन्ही मुळात ०.१२५ असतात, म्हणजे साधारण ३ मिमी. छापायला तेवढं पुरतं. आकडा बदलूनही एखादी रेषा जागची हलली नाही, तर तिचं रीराउट, म्हणजे पुन्हा वळण्याचं सेटिंग, 'नेव्हर'वर आहे का ते बघा.

डबे तुमचे, पण चित्र तुमच्याच प्रोग्रॅममधून निघणार असेल, तर लिबअव्हॉइड, म्हणजे रेषा वळवणारी कोड लायब्ररी. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरचे कनेक्टर याच्यावरच चालतात. यात डब्याभोवतीची मोकळी जागा मुळात ० असते आणि समांतर रेषांमधलं अंतर ४. दोन्ही आकडे तसेच ठेवले तर पस्तावाल. अंतर रेषेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, त्यामुळे रेषेची जाडी त्यातूनच कापली जाते. ४ पिक्सेलच्या अंतरात २ पिक्सेल जाडीच्या तारा टाका आणि ए३चं चित्र ए४वर छापा. मधे अर्धा मिलिमीटरसुद्धा उरत नाही, त्याची झेरॉक्स काढली की संपलंच.

पण आकडा नुसता वाढवूनही भागत नाही. दोन डब्यांमधल्या बोळातून पाच तारा न्यायच्या आहेत, तारांमध्ये १० आणि डब्यांपासून १० हवेत असं धरा. चार फटींचे ४०, दोन बाजूंचे २०, म्हणजे बोळ ६० चा हवा. तो ३० चाच असेल तर लिबअव्हॉइड तारा जवळ जवळ दाबून बसवतं, कारण ते अंतर 'आदर्श' आहे, सक्तीचं नाही. डब्याभोवतीच्या जागेचं मात्र उलट आहे. २० चा बोळ आणि प्रत्येक डब्याला १५ ची मोकळी जागा दिली की दोन्ही जागा एकमेकींवर चढतात, बोळ बंद होतो आणि तार भलत्याच बाजूने वळसा घेते. दादरच्या पुलावर गर्दी दिसली म्हणून माटुंग्याला उतरून चालत यावं, तसं. अशी लांबलचक फिरलेली तार दिसली की आधी हाच आकडा कमी करून बघा.

डबे सॉफ्टवेअरनेच मांडले तर चालणार असतील, तर ईएलके (इक्लिप्स लेआउट कर्नल, डबे आणि तारा दोन्ही मांडणारी कोड लायब्ररी) घ्या. त्याचा लेयर्ड प्रकार डबे थराथराने मांडतो आणि तारांना लागेल तसा थरांमधला बोळ स्वतःच रुंद करतो, वरचं गणित तुमच्या डोक्यावरून उतरतं. तार ते तार आणि तार ते डबा, दोन्ही मुळात १०. नवखा माणूस अडकतो तो इथे. दोन्ही आकड्यांच्या दोन-दोन आवृत्त्या आहेत, एक साधी आणि एक 'बिट्वीन लेयर्स'. चित्र डावीकडून उजवीकडे जात असेल तर थरांमधल्या उभ्या तुकड्यांवर दुसरीचा हुकूम चालतो, लांबवर आडव्या धावणाऱ्या तारांवर पहिलीचा. साधा आकडा १० चा ३० केला आणि उभ्या तारा ढिम्म हलल्या नाहीत, तर बिघाड शोधत बसू नका, दुसरा बदला.

मग सोसायटीसाठी ईएलके का नाही? गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोट स्विचची तार खाली पॅनेलला परत येते, म्हणजे चक्र झालं. लेयर्ड प्रकार चक्र सोडवायला एखादी रेषा उलटी धरून चालतो, आणि कुठली ते चुकलं तर पॅनेल टाकीच्याही वर जाऊन बसतं. इमारतीच्या चित्रात टाकी वरच हवी. तिथे व्हिजिओच बरं. ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअर सर्व्हिसेसचं चित्र कोडमधून रोज नव्याने निघतं, तिथे मात्र ईएलके बदलायला मी कुणाला हात लावू देत नाही.

मजकुरातून आकृती काढणारं ग्राफव्हिझ झटपट आहे, पण त्यात नोडसेप (एका थरातलं) आणि रँकसेप (थराथरांमधलं) हे आकडे डब्यांमधलं अंतर ठरवतात. काटकोनी रेषांमधलं अंतर सांगायला वेगळा आकडा नाही, आणि डॉट या त्याच्या थरवार मांडणीच्या प्रकारात त्या रेषांवर लेबलंही नीट बसत नाहीत. ड्रॉ.आयओ या ब्राउझरमधल्या आकृत्यांच्या सॉफ्टवेअरची काटकोनी रेषा तिच्या दोन टोकांचे डबे बघते, मधले नाही. दहा डब्यांपर्यंत ठीक.

निवडण्याआधी दोन डबे आणि मधून पाच तारा, एवढंच काढा. काळ्या-पांढऱ्यात ए४वर छापा, त्याची एक झेरॉक्स काढा आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. तारा किती, विचारा. आमच्याकडे आईने पहिल्या कागदावर तीन मोजल्या होत्या.