डिस्पोजलचा डॉज, खोटा नंबर आणि साडेसहा मिलिमीटर

महायुद्धातला मिल्ट्री ट्रक घेऊन घरच्या शेडमध्ये उभा करायचा, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. माझे साडेपाच लाख गेलेत आणि विकणारा अजून मोकळा फिरतोय.

गाडी डॉज डब्ल्यूसी-५२ म्हणून विकली गेली. अमेरिकन सैन्याचा पाऊण टनी, चारही चाकांना ताकद असलेला हा 'वेपन्स कॅरिअर'. १९४२ ते १९४५ या काळात तो बनला. ५१ आणि ५२ जवळपास सारखेच, फक्त ५२ला पुढे विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र) असते. युद्ध संपल्यावर आपल्याकडचे असे ट्रक डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्याच्या जादा मालाच्या विक्रीत, निघाले. घेणाऱ्यांना कामाशी मतलब होता, त्यामुळे पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी डिझेल इंजिनं बसवली, मागचे हौदे कापले, गरज पडली तशी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) वाढवली. त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच आज मूळ इंजिनासकट सापडलेल्या डॉजला वेगळा भाव येतो, आणि लबाडीला जागाही तिथेच मिळते.

मध्यस्थ मराठी, बोलायला गोड. "दादा, मिल्ट्रीची गाडी आहे, कागद काय बघता, इंजिनाचा आवाज ऐका." गाडी परराज्यातल्या गोडाऊनमध्ये. आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली. मूळ नोंद इतकी जुनी की ऑनलाइन दिसत नाही, एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आठ दिवसांत हातात देतो, असं त्याने सांगितलं. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं असतं, म्हणून ते चालून जातं. जुन्या हाती लिहिलेल्या नोंदी खरंच सगळ्या संगणकावर चढलेल्या नाहीत. दोन लाख बँकेतून गेले, तेही तिसऱ्याच माणसाच्या खात्यात ("आमचे पार्टनर"). उरलेले गाडी उतरवताना रोख मागितले, ट्रान्सपोर्टवाला खोळंबलाय म्हणून. त्या रोखीचा एक कपटाही पुरावा नाही.

गाडीबरोबर एक 'खास डॉजचा मेकॅनिक' आला होता. डाव्या बाजूचं चाक काढायला तो पान्यावर उभा राहिला आणि नट आणखी आवळत बसला. या डॉजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी या गाडीचं चाक काढलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

माझ्याकडे हत्यारं बेताचीच. दोन टनी चेन ब्लॉक, बॉटल जॅक, गाडी टेकवायला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, ग्राइंडर, साधी वेल्डिंग मशीन. लिफ्ट नाही, लेथ नाही. एवढ्यातही पुढचं सगळं कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या आणि रंगावरून फिरवा. माझ्या गाडीत डाव्या चासीपट्टीवर मध्येच ते पकड सोडायला लागलं. खाली पेंटरची लांबी (पुट्टी), जाड थापलेली. ती खरवडल्यावर आडवा वेल्ड दिसला: पुढची चासी एका गाडीची, मागची दुसरीची. त्याच पट्टीवर पुढे चासी नंबर. कारखान्यात ठोकलेल्या आकड्यांच्या खाचांत इतक्या वर्षांचा रंग आणि गंज बसलेला असतो. इथे आकडे कोरे, कडा धारदार, आणि त्यांच्या खालून ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघा जात होत्या. जुना नंबर घासून नवा ठोकलेला.

इथेच थांबा. तारेचा ब्रश, गंज काढायचं रसायन, काहीही त्या जागेला लावू नका. रिस्टोरेशन म्हणजे मुळात खरवडून साफ करणं, आणि आपण जे उत्साहाने साफ करतो तोच विकणाऱ्याविरुद्धचा पुरावा असतो. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तिरप्या उजेडात. खाचा आणि रेघा तिरप्या उजेडातच दिसतात.

आता इंजिन. या ट्रकचं मूळ इंजिन टी२१४. सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, २३० घनइंच, ९२ अश्वशक्ती. नंबरही टी२१४ने सुरू होतो आणि इंजिनाच्या डाव्या अंगावर ठोकलेला असतो. माझ्या इंजिनावर तो होता. पण क्रायस्लरच्या त्या घराण्यातली बरीच इंजिनं बाहेरून भावंडांसारखी दिसतात, त्यामुळे नुसत्या नंबरावर जाऊन उपयोग नाही.

सहाव्या सिलिंडरच्या वर, हेडमध्ये, एक छोटा आट्यांचा प्लग असतो. टायमिंग लावताना पिस्टन वर आलाय का ते बघायला तो दिलेला आहे. तो काढायचा. साधारण तीन मिलिमीटरची वेल्डिंगची लांब काडी घ्यायची, वरचं आवरण ठोकून काढायचं, टोक कानशीने गोल करायचं आणि काडी पिस्टनवर टेकवायची. सगळे स्पार्क प्लग काढून हँडलने इंजिन सावकाश फिरवायचं. पिस्टन तळाला असताना एक खूण, माथ्याला असताना दुसरी. काडी सरळ धरा आणि अडली तर जोर लावू नका. टी२१४चा स्ट्रोक (पिस्टनची तळापासून माथ्यापर्यंतची धाव) ४ ५/८ इंच, म्हणजे ११७.५ मिलिमीटर. माझ्या खुणांमधलं अंतर १११ आलं. फिरूनफिरून मोजलं तरी १११च.

१११ म्हणजे ४ ३/८ इंच. युद्धानंतरच्या प्लिमथ मोटारींच्या २१८ घनइंची इंजिनाचा हा स्ट्रोक. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा एकच, सव्वातीन इंच. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जुळवल्या जात, त्यामुळे असं इंजिन मिळणं इकडे फार अवघड नव्हतं. इंजिन वाईट नाही, छान चालतं. प्लिमथचं म्हणून सांगितलं असतं तर प्लिमथच्या भावात आनंदाने घेतलं असतं. एक मात्र लक्षात ठेवा: स्ट्रोक जुळला नाही तर इंजिन टी२१४ नाही हे नक्की, जुळला म्हणजे ते टी२१४च, असं नाही, कारण डॉजच्या मोटारींनाही २३० घनइंची इंजिन होतं.

डॅशवरची माहितीची पितळी पट्टीही नवीच निघाली. तशा पट्ट्या परदेशात कोऱ्या विकत मिळतात आणि त्या विकणं हा गुन्हा नाही. तिच्यावर हवी ती तारीख आणि नंबर ठोकून गाडीला जन्मदाखला देणं, हा धंदा वेगळा.

एनओसी अर्थातच आली नाही. ज्या आरटीओचं नाव झेरॉक्सवर होतं तिथे माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की त्या नंबरावर ट्रॅक्टरची नोंद आहे. मध्यस्थाचा नवा सल्ला: "व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका, व्हीए नंबर मिळेल." २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती सोय, व्हीए अक्षरांच्या खास नंबरासकट, दिली आहे, नव्या नोंदणीला वीस हजार फी आणि दहा वर्षांची मुदत. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. माझी चासी दोन गाड्यांची आणि इंजिन तिसरीचं. वर पठ्ठ्याने गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवून बॉनेटवर पांढरा तारा काढून दिलेली. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाही तो रंग लावायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाने मनाई आहे. म्हणजे कागद खरे असते तरी पहिल्याच नाक्यावर अडवलं असतं.

पोलिसांनी आधी 'व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा' म्हणून परत पाठवलं. घासलेल्या नंबराचे फोटो, आरटीओचं उत्तर आणि बँकेचा उतारा एकत्र लावला तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली तक्रार घेतली. गाडी आता मुद्देमाल आहे, बोल्टसुद्धा हलवायचा नाही.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्याने जाहिरातीचे फोटो पाठवले. दुसरा डॉज, दुसरं राज्य, किंमत सात लाख, 'मूळ इंजिन, कागद क्लिअर'. डॅशच्या फोटोत माहितीची पट्टी स्पष्ट दिसते. तिच्यावरचा नंबर माझ्या गाडीचाच आहे, शेवटचा आकडासुद्धा तसाच तिरका ठोकलेला. ते फोटो तपास अधिकाऱ्यांना दिलेत. कोणाशी त्या गाडीचं बोलणं चालू असेल, तर टोकन देण्याआधी मला निरोप करा. माझ्या पट्टीचा फोटो पाठवतो, शेजारी ठेवून बघा.