थायरॉइडची गाठ: पुन्हा सुई, की त्याच स्लाइडवर दुसरं मत?

जळगाव-धुळ्याकडे गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींच्या रिपोर्टात 'बेथेस्डा ३' (सहा गटांच्या बेथेस्डा पद्धतीतला तिसरा: कॅन्सर आहे की नाही, हे नक्की सांगता येत नाही) आलं की घरोघरी हाच प्रश्न. सहा गटांपैकी याच गटावर पॅथॉलॉजिस्टांचं आपसात फार कमी जमतं.

खर्च आणि त्रास पाहिला तर दुसरं मत हलकं. टोचणं नाही, फक्त मूळ स्लाइड मागून न्यायच्या. मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

खरा फरक मालात आहे. नमुना पुरेसा म्हणायला दहा-दहा पेशींचे किमान सहा पुंजके लागतात. रक्तच जास्त असेल तर कितीही मोठा तज्ज्ञ बसवा, काचेवर नाही ते दिसणार कुठून?

फॉलिक्युलर गाठीत (थायरॉइडच्या फॉलिकल पेशींची गाठ) दोन्ही तोकडे. ती कॅन्सरची आहे का, म्हणजे पेशी गाठीचं आवरण भेदून गेल्या का, रक्तवाहिनीत शिरल्या का, हे गाठ काढल्यावरच कळतं. गाठ काढल्यानंतर दुसरं मत घेताना मेणाचे ब्लॉकही (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) न्या, खोलवरचे नवे काप घेता येतात. (मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, खान्देशचं ऊन आहे, मेण मऊ पडतं.)

पेशी भरपूर पण शंका कायम, तर दुसरं मत. नमुनाच तुटपुंजा, तर सोनोग्राफीत बघून पुन्हा सुई.