वासेदा विद्यापीठाचा डिजिटल ग्रंथसंग्रह: तोफगोळ्याच्या वाटेचे गणित मूळ हस्तलिखितांत

फेकलेली वस्तू कोणत्या वाटेने जाते, या प्रश्नाचे गणित जपानमध्ये कसे पोहोचले हे मुळातून पाहू इच्छिणाऱ्यांना तोक्योच्या वासेदा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आंतरजालावर खुला केलेला जुन्या जपानी व चिनी ग्रंथांचा संग्रह मी मनापासून सुचवेन. नोंदणी नाही, शुल्क नाही. पाने मोठी करून पाहता येतात आणि खंडाची पीडीएफ उतरवून घेता येते.

माझा त्यातला मुख्य मुक्काम शिझुकी तादाओ (१७६०–१८०६) यांच्या ‘रेकिशो शिन्शो’ या ग्रंथापाशी असतो. बंदूक १५४३ साली पोर्तुगिजांसोबत तानेगाशिमा बेटावर आली आणि पुढे तोफा-बंदुकांच्या अनेक गुरुपरंपरा उभ्या राहिल्या, परंतु नळीचा कोन आणि गोळ्याचा पल्ला यांचा मेळ हे त्यांच्यासाठी अनुभवाने मिळवलेले, शिष्यापुरते राखलेले ज्ञान होते. सतराव्या शतकातील जपानी गणिती सेकी ताकाकाझू यांच्या परंपरेतील गणितज्ञांनी समीकरणांत आणि वर्तुळाच्या मापनात थक्क करणारी मजल मारली. गतीचा प्रश्न मात्र त्यांच्या वाटेवर फारसा आला नाही. हे दोन प्रवाह ज्या ज्ञानाने जोडता येणार होते, ते नागासाकीत डच भाषेचे दुभाषे राहिलेल्या शिझुकींनी आणले. न्यूटनचे विचार समजावून सांगणारे स्कॉटिश गणितज्ञ जॉन कील यांच्या लॅटिन ग्रंथाच्या डच भाषांतरावरून त्यांनी १७९८ ते १८०२ या काळात ‘रेकिशो शिन्शो’चे तीन भाग सिद्ध केले, त्याआधी १७८७ मध्ये ‘काकी हाप्पो देन’ ही तोफेच्या माऱ्यावरची छोटी पुस्तिकाही लिहिली होती. हवेचा रोध बाजूला ठेवला तर गोळ्याची वाट अन्वस्ताची (पॅराबोला या वक्राची) असते, पंचेचाळीस अंशांवर पल्ला सर्वाधिक मिळतो आणि तीस व साठ अंशांचा पल्ला सारखाच येतो, हे एका सूत्रातून निघते. कोष्टके पाठ करणाऱ्या तोफचीसाठी ही केवढी वेगळी दृष्टी होती!

शिझुकींना त्यासाठी शब्दही घडवावे लागले. ‘जूर्योकु’ म्हणजे जडपणाचे बल. आपल्या ‘गुरुत्व’ शब्दामागेही जडपणाचीच कल्पना आहे, हे ध्यानात आले की मराठी वाचकाला ही पाने एकदम जवळची वाटतात.

‘रेकिशो शिन्शो’ त्या काळी छापला गेला नाही, हाताने उतरवलेल्या प्रतींतूनच फिरला. त्यामुळे नंतरच्या छापील आवृत्तीपेक्षा प्रतीची ही छायाचित्रे मला अधिक मोलाची वाटतात. अर्थात ती छायाचित्रेच आहेत: मजकुरात शब्द शोधता येत नाही आणि जुने जपानी वळण वाचण्याची तयारी स्वतःच करावी लागते. जपानी येत नसेल तर आकृत्यांपलीकडे फार काही हाती लागणार नाही. थोडीफार येत असेल, तर ग्रंथाचे नाव जपानी लिपीत शोधून मधला भाग आधी उघडावा, कारण गतीचे नियम आणि गुरुत्व यांची चर्चा तिथे आहे.