बार्लीवाइन बाटलीत कधी भरायची: तीन आठवड्यांनी की तीन महिन्यांनी?

इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, त्यामुळे आमच्या जिन्याखाली एक पिंप कायम आंबत असतं. साधी एल, म्हणजे नेहमीची घरची बिअर, दोन आठवड्यांत उरकते. बार्लीवाइनचं तसं नाही; नावात वाइन असली तरी ती फार कडक एलच. सुरुवातीची घनता (पाण्याची १.०००; साखर जितकी जास्त तितकी घनता जास्त) १.०९०, शेवटची १.०२० च्या आसपास, म्हणजे अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या वर.

तीन आठवड्यांनी भरली तर यीस्ट अजून दमलेलं नसतं, बाटलीत फेस हमखास धरतो. धोका एकच, पण मोठा. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं समजून मी एकदा १.०३२ वरच बुचं मारली. उरलेली साखर बाटलीत आंबली आणि रात्री दीडला दोन बाटल्या फुटल्या. बायको म्हणाली, “चोर शिरलाय!” आता तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, तोच आकडा दाखवेल तेव्हाच भरतो.

तीन महिने थांबलं तर गाळावरून दुसऱ्या भांड्यात, अगदी गळ्यापर्यंत भरून ठेवावी लागते. घशातला चटका जातो, मनुका आणि काकवीची चव वर येते. मात्र हवा लागली की ओल्या पुठ्ठ्याचा वास ठरलेला. यीस्टही थकून तळाशी बसतं, म्हणून भरताना लिटरमागे पाचेक ग्रॅम साखरेबरोबर थोडं ताजं यीस्ट घालायचं.

मी हल्ली आकडा स्थिरावला की पाचव्या आठवड्यात भरतो. मुरायचं ते बाटलीत मुरू दे, पिंप पुढच्या खेपेला मोकळं होतं.