साय-पायचे सॉल्व्ह बीव्हीपी : सात महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात 200 मीटर अंतरावर दोन विहिरी आहेत. त्यांच्या मधल्या भूजलाची पातळी काढण्यासाठी मी सात महिन्यांपासून सॉल्व्ह बीव्हीपी वापरतो आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या साय-पाय या गणिती संग्रहातले हे फंक्शन दोन्ही टोकांच्या अटी (सीमाअटी) दिलेले अवकल समीकरण सोडवते. मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरचा परवाना माझ्या खिशाला परवडत नाही. हे साधन मात्र मोफत असून किअर्झेंका आणि शॅम्पाइन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीसारख्याच चौथ्या क्रमाच्या पद्धतीवर चालते. गणिताबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती ज्ञात प्राचलांबद्दल, म्हणजे समीकरणातल्या आधीच ठाऊक असलेल्या स्थिर आकड्यांबद्दल. मुरमाची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला 2 मीटर आणि पाझर (वरून जमिनीत मुरणारे पाणी) दिवसाला 1 मिलिमीटर, हे दोन्ही आकडे मी गृहीत धरले होते. पण ते द्यायचे कुठे? साय-पायच्याच सॉल्व्ह आयव्हीपीला, म्हणजे फक्त सुरुवातीच्या अटींवरून समीकरण सोडवणाऱ्या फंक्शनला, असे आकडे देण्यासाठी 'आर्ग्ज' ही जागा आहे, याला नाही. म्हणून मी पारगम्यता 'पी' नावाच्या याच्या जागेत घातली, तेव्हा तीन सीमाअटी हव्यात आणि दोनच मिळाल्या, असे सांगून प्रोग्राम थांबला. दोन संध्याकाळी वाया गेल्या आणि मी फार चिडलो.

आता माझे मत थोडे बदलले आहे. 'पी' हे अज्ञात प्राचलांसाठी आहे. प्रत्येक अज्ञातामागे टोकाची एक जादा अट लागते, त्यामुळे त्याने मला अडवले ते योग्यच होते. ज्ञात आकडे फंक्शनमध्येच बांधून द्यावे लागतात. पण तिथेही मी फसलो. पारगम्यतेच्या 1, 2 आणि 4 या किमतींसाठी लॅम्डा फंक्शन्सची (पायथनमधल्या एका ओळीच्या बिननावी फंक्शन्सची) यादी आधी तयार करून ती नंतर चालवली, तर तिन्ही वक्र तंतोतंत एकावर एक आले, कारण प्रत्येक लॅम्डाने चालवतेवेळची शेवटची किंमत, म्हणजे 4, उचलली होती. 'पार्शल' हे फंक्शनला आकडे आधीच जोडून देणारे पायथनचे साधन वापरून किंमत नावानिशी बांधल्यावर वक्र वेगळे झाले.

प्रारंभिक अंदाज शून्य देऊ नये, कारण समीकरणात पातळीने भागावे लागते. तळच्या खडकापासून एका विहिरीत 6 आणि दुसरीत 4 मीटर पाणी धरून, त्यांना जोडणारी सरळ रेषा अंदाज म्हणून दिली. पारगम्यता 2 असताना मध्यावर 5.57 मीटर आले. वहीवर सोडवलेले उत्तरही 31 चे वर्गमूळ, म्हणजे तेच.

एवढे अचूक साधन आहे, म्हणूनच 'आर्ग्ज'ची उणीव मला अधिक खटकते. ते मिळेपर्यंत प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला मी 'पार्शल'ची ती ओळ लिहीत राहीन.